दर्शकाचा रंग ७ वरच बदलतो असे नाही

द्रावण आम्ल आहे की आम्लारी (अल्क) हे रंग बदलून दाखवणारा पदार्थ म्हणजे दर्शक. फिनॉल्फ्थॅलीन हे दर्शक द्रव्य सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक; ७ म्हणजे उदासीन) ७ ओलांडताच गुलाबी होते, असे दर्शकांवरील एका लेखात म्हटले आहे. ते दुरुस्त व्हावे. खरे तर ते साधारण ८.२ पर्यंत रंगहीनच राहते आणि १० च्या सुमारास पूर्ण गुलाबी होते, तर मिथिल ऑरेंज हे दुसरे दर्शक द्रव्य ३.१ ते ४.४ या आम्लधर्मी टप्प्यातच लालाचे पिवळे होऊन मोकळे होते. दर्शक हा स्वतःच बहुधा एक दुर्बल आम्ल असतो. आम्लारीत त्याच्या रेणूतून हायड्रोजन आयन निघून गेला की इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, रेणू वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि आपल्याला रंग पालटलेला दिसतो.

खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकवताना मी प्रयोगशाळेआधी घरच्या हळदीकडे, म्हणजे आमच्या कन्नड शेजाऱ्यांच्या अरिशिणाकडे वळत असे. पांढऱ्या सदऱ्यावरील आमटीचा पिवळा डाग साबण लागताच तांबडा होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा पडतो. हळदीत चुना कालवून कुंकू करतात, तेही कुर्कुमिन या हळदीतल्या रंगद्रव्याचेच काम. मात्र हळद आम्ल आणि पाणी यांत भेद करत नाही, दोन्हींत पिवळीच राहते, हे मुलांना सांगावे लागे.

प्रत्येक दर्शकाचा रंगबदलाचा टप्पा असा वेगळा असतो, म्हणूनच व्हिनेगरचे कॉस्टिक सोड्याने अनुमापन करताना (सोडा थेंबथेंब घालून आम्लाचे प्रमाण मोजताना) फिनॉल्फ्थॅलीनच घ्यावे. तेथे अंतिम बिंदू, म्हणजे सगळे आम्ल संपते तो क्षण, सामू ७ च्या वर येतो, आणि मिथिल ऑरेंज घेतल्यास ते फार आधीच रंग बदलून उत्तर चुकवते.