नारळ कोणी फोडायचा?

मी बँकेतून निवृत्त झालो, एवढंच नातेवाइकांना माहीत आहे. त्यातली शेवटची अकरा वर्षं पेन्शन विभागात हयातीचे दाखले तपासण्यात गेली, हे कोणी ऐकूनच घेत नाही. बँकेत होता ना, मग कर्ज, एफडी, सोनं, फ्लॅट, कुणाच्या तरी सुनेचा विमा, सगळं यालाच विचारा. त्यामुळे परवा भाचा हिंजवडीहून थेट आमच्याकडे आला, बूटही न काढता दारातच मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "मामा, डील कसं आहे ते फक्त सांग."

मोबाइलवर काळीभोर जर्मन एसयूव्ही, लीजवर. मागे बर्फाचे डोंगर. खाली ठसठशीत अक्षरांत 'महिना फक्त 89,999' आणि शेवटच्या नवाच्या डोक्यावर एक चांदणी.

चांदणी दिसली की मी आधी तळ गाठतो. तळाशी मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं होती: अधिक जीएसटी, विमा व देखभाल वेगळी, 48 महिने, वर्षाला 15,000 किलोमीटर, अटी लागू. चष्मा काढून, मोबाइल नाकाला लावून मी हे मोठ्यांदा वाचलं. भाचा म्हणाला, "मामा, झूम होतं ते."

भाड्याच्या वाहनाचा माझा अनुभव एकच. सदाशिव पेठेत आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर सायकलचं दुकान होतं. चार आणे तास. वहीत नाव, वाडा आणि वेळ लिहायची. सायकल परत नेली की मालक आधी घड्याळाकडे बघायचा आणि मग आपल्या गुडघ्यांकडे. गुडघे खरचटलेले असले तर सायकल उलटी करून तपासणी. नसले तर दोन्ही टायर अंगठ्याने दाबायचा, एकदा घंटी वाजवायचा आणि मानेनेच 'जा' म्हणायचा. चांदणी कुठेही नव्हती.

दुसरा अनुभव वाड्याचा. आजोबा महिना 18 रुपये भाड्याने आत शिरले, ते तीन पिढ्या कोणी बाहेर पडलंच नाही. मालक कोर्टात, आम्ही माडीवर. शेवटी बिल्डर आला तेव्हा तो मालकापेक्षा आमच्याशीच जास्त गोड बोलला. त्यामुळे भाडं या शब्दाला आमच्या घराण्यात मोठा मान आहे. लीज म्हणजे शेवटी भाडंच, हे कळल्यावर मी साहजिक प्रश्न विचारला, "चार वर्षांनी आपण गाडी सोडलीच नाही तर?"

"असं नसतं मामा. ठेवायची असेल तर रेसिड्युअल व्हॅल्यू, म्हणजे गाडीची तेव्हा उरलेली किंमत भरायची. 24 लाख."

"अधिक?"

"...जीएसटी."

मग मी वही काढली. भाच्याने एक्सेल उघडलं. आमच्यातलं हे अंतर चार वर्षांच्या लीजने भरून येण्यातलं नाही.

भाड्याने दिलेल्या गाडीवर गाडीइतकाच जीएसटी लागतो. एवढ्या मोठ्या गाडीला तो 40 टक्के. "मामा, 22 सप्टेंबर 2025च्या आधी सेस धरून 50 होता," भाचा म्हणाला, जणू उरलेले 10 त्याच्या खात्यात जमा होणार होते. 89,999चे झाले 1,25,999. गुणिले 48. उत्तर आलं 60 लाख 48 हजार. मी पेन खाली ठेवून पाणी प्यायलो. साठ लाख देऊन हाती काय, तर किल्ली परत केल्याची पावती.

गाडी विकत घेतली तर ऑन-रोड साधारण 70 लाख. चार वर्षांनी 30 लाखांना गेली, तर 40 लाख उडाले. कर्जाचं व्याज 12 लाख धरा. म्हणजे 52. लीजपेक्षा आठ लाखांनी स्वस्त. मी वही मिटणार, एवढ्यात भाच्याने हुकमाचं पान टाकलं. लीज त्याच्या ऑफिसमार्फत, त्यामुळे हे भाडं त्याच्या पगारातून, कर कापायच्या आधी जाणार. सेस धरून 31.2 टक्के कर वाचला, तर चार वर्षांत जवळजवळ 19 लाख. ऑफिसने दिलेली गाडीची सुविधा म्हणून जो काही आकडा करासाठी उत्पन्नात धरतात, तो अगदीच किरकोळ. माझ्या नोकरीच्या काळात 1.6 लिटरच्या वरच्या इंजिनाला तो महिना 2,400 असायचा, ड्रायव्हरचे आणखी 900. मी पुन्हा मांडलं. 60मधून 19 गेले, राहिले 41.

डील चांगलं होतं. अंगावर काटा आला. मला ते वाईटच निघायला हवं होतं.

मग मी माणूस तपासायला घेतला. पेन्शन विभागात तेवढंच शिकलो. कागद बरोबर असतो, माणूस हयात आहे का ते बघायचं. करारात लिहिलं होतं की नोकरी सोडली तर लीज मुदतीआधी बंद करावं लागेल आणि उरलेल्या हप्त्यांपोटी बरंच काही भरावं लागेल. भाचा आजवर एकाही कंपनीत 22 महिन्यांच्या वर टिकलेला नाही. मी फक्त त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "या वेळी सीरियस आहे." दोन वर्षांपूर्वी जिमबद्दलही तो हेच म्हणाला होता.

किलोमीटरच्या अटीत मात्र लीज कंपनी फसली आहे, असं माझं मत आहे. कोथरूडहून हिंजवडी, जाऊन येऊन पस्तीसेक किलोमीटर. वर्षाचे नऊ हजारही होत नाहीत. वाकडच्या पुलाखाली गाडीचं आयुष्य सरतं, पेट्रोल सरतं, माणसाची उमेद सरते, पण किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही. हिशोब तासांवर लावला असता तर दिवाळीच्या आतच मर्यादा संपली असती.

आणि ओरखडे! परत देताना 'वाजवी झीज' चालेल, बाकीचे पैसे भरा. वाजवी म्हणजे किती, याचा तक्ताच होता: दारावरचा ओरखडा इतक्या सेंटिमीटरपर्यंत, बंपरवर इतके. हा तक्ता करणारा माणूस लक्ष्मी रोडला गणपतीच्या आधीच्या रविवारी आलेला नसणार. तिथे दुचाकीचं हँडल आपल्या दाराला भेटून जातं, आणि वर चालवणारा आपल्याकडेच रागाने बघतो.

संध्याकाळी ताईकडे गेलो, स्टीलची टेप घेऊन. इमारत जुनी. पार्किंग दोन खांबांच्या मध्ये, साडेसात फूट. गाडी आरशांसकट सहा फूट दहा इंच. म्हणजे दोन्हीकडे चार-चार इंच. "चार इंचांतून उतरणार कसा?" मी विचारलं. भाचा गंभीरपणे म्हणाला, "360 डिग्री कॅमेरा आहे." गाडी आत जाईल यावर माझं दुमत नव्हतंच. प्रश्न त्याचा होता.

ताई वरून हे बघत होती. तिने गॅलरीतून एकच विचारलं, "आरसी बुकावर नाव कोणाचं?"

"लीज कंपनीचं."

"मग सारसबागेत नेऊन नारळ आपण का फोडायचा? त्यांना सांग, तुमची गाडी, तुमचा नारळ."

दिवसभराच्या एक्सेलमध्ये हा मुद्दा नव्हता. भाच्याने खरंच फोन काढला. नारळाचं काही बोलला की नाही, ते कळलं नाही. पण पलीकडून महिना अखेरपर्यंत 86,500 करतो असं आलं, आणि मला काय झालं कोण जाणे, मी ओरडलो, "82 म्हण! आणि फ्लोअर मॅट फुकट!" ताई वरून म्हणाली, "तू तर नको म्हणणार होतास ना रे?"

रविवारी टेस्ट ड्राइव्हची गाडी ताईकडे आली. मूळ रंग काळा, पण कर्वे रोडच्या धुळीने करडी झालेली. बरोबर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण. भाच्याने एकदाही न थांबता ती दोन खांबांत घातली. आवाज नाही, धक्का नाही. सगळी इमारत गॅलरीत. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार चार इंच उघडलं आणि थांबलं. पलीकडचंही. बराच वेळ आत हालचाल दिसत होती. शेवटी डिकी आपोआप वर गेली आणि महिन्याला सव्वा लाख मोजायला निघालेला माझा भाचा मागच्या सीटवरून ओणवा होत, मोजे सावरत बाहेर आला.

कोणी काही बोलेना. आपणही काहीतरी तपासायला हवं म्हणून मी वाकलो आणि मागचा टायर अंगठ्याने दाबला.

"सर, प्रेशर आत स्क्रीनवर दिसतं," तो तरुण म्हणाला.

"हवा आहे," मी म्हणालो. "आता हॉर्न वाजवून बघायचाय. पण आत कोण जाणार?"