दिवा कोरलचा, चंगळ फ्लॅटवर्मची

माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, फ्लॅटवर्म नावाचे चपटे किडे माजलेत, आणि सगळ्यात जास्त संताप येतो तो हे लपत नाहीत याचा. दिवे पूर्ण जोरात आले की बघा. खडकाचा जो भाग सगळ्यात उजळ, वाळूचा जो तुकडा सगळ्यात निवांत, मश्रूम कोरलची जी तबकडी सगळ्यात रुंद, तिथे हे तांबूस-तपकिरी, शेपटीला तीन टोकं असलेले किडे अंगाला अंग लावून पसरलेले असतात. जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा जीव. हाड नाही, कवच नाही, रक्त नाही, श्वास घ्यायला वेगळा अवयव नाही. तोंड आहे, पण त्यामागे आतडं नाही. आणि एवढ्या नन्नाच्या पाढ्यावर तो माझ्या रीफ टँकचा मालक होऊन बसलाय!

मूळ दुखणं काय ते सांगतो. कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करतं, म्हणून आपण टँकवर एवढे जबरदस्त दिवे टांगतो. या किड्याच्या अंगातही शेवाळ राहतं आणि तेही प्रकाशावर अन्न तयार करतं. म्हणजे दिवा मी लावायचा, वीज मी भरायची, आणि ऊन खायला हे. पाणी २५-२६ अंशांवर ठेवा, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ वर सांभाळा, कॉपीपॉड नावाचे पाण्यातले बारीक जीव वाढू द्या, नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेऊ नका. कोरल पाळणाऱ्याच्या डोक्यात भरवलेल्या या प्रत्येक नियमाचा फायदा कोरलच्या आधी किडा उचलतो. टँक जितका चांगला ठेवाल तितकं त्याचं बरं चालतं.

बरं, उलटं करावं तर? सल्ला देणारे सांगतात, ‘दिवे काही दिवस बंद ठेवा.’ ठेवले. कोरल आक्रसली, रंग उतरला. किडा मात्र पाण्यातले बारीक जीव धरून खातो, त्याचं काही अडत नाही. ‘प्रवाह वाढवा, त्यांना वाहतं पाणी आवडत नाही.’ बरोबर आहे, नाही आवडत. वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढवळणारा पंप, त्या कोपऱ्याकडे वळवला की ते पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसतात, आणि ज्या युफिलिया कोरलला संथ पाणी लागतं तिचं मात्र मांस हाडापासून सुटायला लागतं. ‘खारेपणा उतरवा.’ गोड्या पाण्यात हा किडा खरोखरच तग धरत नाही. ॲक्रोपोरा हे फांद्यांचं कोरलही धरत नाही! किड्याला झोंबेल आणि कोरलला झोंबणार नाही असं काहीतरी एक शोधून दाखवा, मग सल्ले द्या.

आणि वाढ विचारू नका. जोडीदार शोधण्याचीसुद्धा याला गरज नाही. कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेम्मा या नावाने १९८८ साली ज्याचं वर्णन झालं, तो लाल प्लॅनेरिया मागच्या टोकाला कळी धरतो. कळीचं डोकं आईच्या उलट दिशेला. तयार झाली की आईपासून सुटते आणि आपल्या वाटेने चालू लागते. रक्तबीजाला वाढायला निदान कुणाचा तरी वार लागायचा. इथे वार करणाऱ्याचीही वाट बघावी लागत नाही. पोटभर उजेड मिळाला की झाली सुरुवात. काचेवर एक दिसला म्हणजे खडकाच्या मागे त्याचं अख्खं खानदान नांदतंय असं धरून चालायचं.

त्यात शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये आणखी एक कळ काढली. हे किडे ज्या एसीला गटात मोडतात तो गट खऱ्या चपट्या कृमींच्या कुळातलाच नाही, असं जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. छान. म्हणजे इतकी वर्षं फ्लॅटवर्म म्हणून ज्याला शिव्या घातल्या त्याला त्या धड लागल्याही नसणार.

आता ‘सोपा उपाय’वाले. यांचा पहिला मंत्र ठरलेला: सायफनने ओढून काढा. अहो, काढतोच आहे! एअरलाइनची बारीक नळी घ्यायची, खाली फिल्टर सॉक लावायचा म्हणजे पाणी गाळून परत वापरता येतं, आणि दिवे पूर्ण आलेले असताना एकेका किड्याच्या मागे लागायचं. उघड्या खडकावरचे येतात पटकन. पण मश्रूमवर बसलेला ओढायला जावं तर मश्रूमच नळीत शिरू पाहतं. झोआंच्या, म्हणजे झुपक्याने वाढणाऱ्या छोट्या कोरलच्या, देठांमधला नळी जवळ गेली की खाली सरकतो, आणि नळी हलवली की झोआ मिटतात, मग किडाही दिसत नाही. वाळूवरचा ओढावा तर आधी वाळू येते. तासभर खांद्यापर्यंत हात खाऱ्या पाण्यात, कोपराला मिठाचा थर, पाठीचा कणा वाकलेला. काच स्वच्छ, खडक स्वच्छ, मन प्रसन्न. दुसऱ्या दिवशी दिवे लागले की पहिल्या रांगेत पुन्हा तीच मंडळी. सायफनने किडे कमी होतात, संपत नाहीत. हे वाक्य सायफनचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने आधी म्हणावं आणि मग पुढे बोलावं.

दुसरा मंत्र: औषध टाका. औषध आहे, आणि काम करतं, ते मी नाकारत नाही. थेंब पडले की थोड्याच वेळात किडे खडकावरून सुटतात, अंग आखडून घेतात, वळवळत पाण्यात तरंगू लागतात. ते बघताना जे समाधान मिळतं ते सभ्य माणसाने चारचौघांत बोलून दाखवू नये. पण ते फार टिकत नाही, कारण मेलेल्या किड्याच्या अंगातून विष सुटतं. दहा-वीस मेले तर टँक पचवतो. टँकभर पसरलेली प्रजा एकदम मेली तर मासे धापा टाकायला लागतात, कोरल मिटून बसतात, आणि किड्यांच्या आधी आपल्याच माशांची मढी काढायची वेळ येते. म्हणजे बघा हं न्याय: किडे जितके जास्त तितकी औषधाची गरज जास्त, आणि किडे जितके जास्त तितकं औषध टाकणं धोक्याचं. जिवंत असताना उजेड अडवणार, मेल्यावर पाणी नासवणार. याच्याशी वागायचं तरी कसं माणसाने?

तरी टाकायचंच. मग त्याआधी जमतील तेवढे ओढून काढायचे, म्हणजे तो वर सांगितलेला खांद्यापर्यंतचा कार्यक्रम आलाच. मग पाण्याचा हिशेब. काचेची लांबी-रुंदी-उंची गुणून भागत नाही. खडक आणि वाळूने खाल्लेली जागा वजा करायची, सम्पमधलं, म्हणजे खालच्या जोडटाकीतलं, पाणी मिळवायचं. पाणी गाळायचा कार्बन काढून ठेवायचा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा बंद. बदलायचं पाणी आधीच मीठ कालवून, त्याच तापमानाला आणि त्याच खारेपणाला आणून तयार. मग औषध. मग तरंगणारे किडे खडकाच्या फटीत जाऊन कुजायच्या आत नळीने उचलायचे, आणि कुठला मासा तोंड वर करून श्वास घेतोय का यावर डोळा. मग ताजा कार्बन, मग पाणी बदल. घरात त्या दिवशी दुसरं काही होत नाही, बालद्यांमधून वाट काढत लोक चालतात. आणि एवढं करून ओव्हरफ्लोच्या जाळीमागे, पंपाच्या बुडाशी, खडकाच्या पोटात चार उरतातच. त्यांना कळी धरायला पुष्कळ झाले. काही दिवसांनी हाच सगळा खटाटोप पहिल्यापासून.

काही जण गुराढोरांना जंतांसाठी देतात ते लेव्हामिसोल वापरतात. वापरोत. विष सुटायचं ते सुटतंच.

मग येतात निसर्गप्रेमी. ‘औषध कशाला, मासा सोडा ना!’ कुठला मासा? सिक्सलाइन रॅस. हा खातो, असं ऐकायला मिळतं. कुणाचा खातो, कुणाचा ढुंकून बघत नाही, आणि आपल्या वाट्याला कुठला येणार हे तो टँकमध्ये गेल्यावरच कळतं. टँकमध्ये गेलेला सिक्सलाइन परत धरायचा म्हणजे सगळे खडक उचलून बाहेर काढायचे. तोवर त्याने नव्या शांत माशांच्या शेपट्या कुरतडलेल्या असतात. किड्यांचं सोडून बाकी सगळ्यांचं जगणं त्याने हराम केलेलं असतं. पिवळा कोरिस आणि मेलॅन्युरस रॅस त्या मानाने सज्जन, पण रात्री वाळूत पुरून घेणारे आणि झाकण नसेल तर टँकबाहेर उडी मारणारे. शिवाय तेही खातीलच याची खात्री नाही. मँडरिन माशाचं नाव घेणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात. तो दिवसभर टिपतो ते कॉपीपॉड. किडेही टिपतात कॉपीपॉड. म्हणजे आधीच कमी झालेल्या पंगतीला आणखी एक पान वाढायचं.

त्यातल्या त्यात खरा शिकारी एकच, आणि त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो. केलिडोन्युरा व्हेरियन्स. काळ्या मखमलीसारखी, निळ्या रेघांची समुद्री गोगलगाय, बाहेरून कवच दिसत नाही. ती हेच किडे खाते, दुसरं काही खात नाही. मासे-कोरल यांच्याकडे बघतसुद्धा नाही. इतका नेमका प्राणी! आणि या नेमकेपणाचं बक्षीस काय? किडे संपले की उपासमार. किडे संपेपर्यंत जगली तर, हेही आहेच, कारण मऊ अंगाचा हा जीव पॉवरहेडच्या जाळीत ओढला गेला की संपला. पंप सगळे जाळीने झाकायचे, ती कुठे सरकतेय त्यावर नजर ठेवायची, आणि तिने काम फत्ते केलं की तिला उपाशी मारायचं किंवा किड्यांनी भरलेला दुसऱ्या कुणाचा टँक शोधून तिची रवानगी करायची. तो टँक सापडायला अडचण येत नाही म्हणा. पण मला विचाराल तर इतक्या देखण्या जिवाला उपाशी मरण्यासाठी आणायला माझं मन धजत नाही, आणि मन धजत नाही याचाही राग येतो, कारण त्याचा फायदा पुन्हा त्या किड्यांनाच.

ॲक्रोपोरा पाळणारे आमच्या या रडगाण्याला हसतात आणि त्यांना तो हक्क आहे. त्यांच्या वाट्याचा किडा दिसतच नाही. तो खरा फ्लॅटवर्म, कोरलचं मांसच खातो आणि खाल्लेल्या मांसाचाच रंग अंगावर घेऊन त्यावर चिकटून राहतो. फांद्यांवर गोल-गोल फिकट चावे दिसायला लागतात तेव्हा कळतं, आणि तोवर कोरल निम्मं गेलेलं असतं. २०११ मध्ये याचं नाव अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी ठेवलं, २०१९ मध्ये ते बदलून प्रॉस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी झालं, भूक तीच. शास्त्राला हा आधी टँकमधल्या कोरलवर सापडला, खऱ्या समुद्रात, ग्रेट बॅरिअर रीफवर लिझार्ड बेटापाशी, तो नंतर दिसला. आमचं भाग्य थोर.

कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे मारायच्या औषधी पाण्यात, बुडवून हलवलं, पिपेटने फवारा मारला की मोठे किडे गळून पडतात. अंडी? ती बुंध्याशी उघड्या सांगाड्यावर तपकिरी ठिपक्यांच्या चकत्यांमध्ये घट्ट बसवलेली. डिप त्यांच्या केसालाही धक्का लावत नाही. पाण्याच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात. म्हणून पुन्हा डिप, पुन्हा डिप, मधल्या वेळात भिंग लावून ब्लेडने अंडी खरवडायची, आणि ॲक्रोपोराची एकूण एक फांदी टँकबाहेर ठेवायची, म्हणजे मागे राहिलेली पिल्लं उपाशी मरतील. आणि जी कॉलनी वर्षानुवर्षं वाढून खडकालाच एकजीव झालीय तिचं काय? खडक फोडा, असं सांगतात. सांगणाऱ्याचा खडक नसतो ना!

यावर विकणाऱ्यांचं उत्तर तयार: ‘आमच्याकडून आले नसतील, आमच्याकडे कधीच नव्हते.’ कुणाकडेच कधी नव्हते. ज्या ज्या माणसाला विचारावं त्याचा टँक निर्मळ, त्याचा पुरवठादार निर्मळ, कोरलचा तुकडा ज्यावर चिकटवतात तो प्लग निर्मळ. मग हे किडे आकाशातून पडतात का? फ्रॅगच्या, म्हणजे विकायच्या कोरलच्या तुकड्याच्या, प्लगखाली बोट फिरवायचे कष्ट विकताना कुणी घेतले असते तर पुढचं हे सगळं टळलं असतं. पण तिथे निळ्या दिव्याखाली फ्रॅग चमकत ठेवलेला असतो आणि त्या निळ्या उजेडात तांबूस किडा काळसर ठिपक्यासारखा दिसतो. सोयीचं आहे.

आणि शेवटी तो एक शांत, समजूतदार माणूस, जो प्रत्येक ठिकाणी असतोच. ‘राहू देत ना थोडे. तेही जीवच. टँकचा समतोल आपोआप साधेल, आले तसे जातील.’ जातातही कधी कधी, खोटं नाही. संख्या फुगते आणि कारण न कळता ओसरते. पण ओसरेपर्यंत मश्रूमवर एवढा जाड थर बसलेला असतो की खालच्या कोरलला उजेडच पोचत नाही, आणि पाण्यातले कॉपीपॉड फस्त होऊन मँडरिनची पाठ चाकूसारखी धारदार झालेली असते. समतोल साधायला कोण जाणार ते आधीच ठरलेलं असतं, आणि ते किडे नसतात. तरीही ज्याला राहू द्यावेसे वाटत असतील त्याने निरोप पाठवावा. नळी हातात आहे, सॉक भरलेला आहे. पिशवीत हवा भरून, गाठ मारून, पत्त्यावर पोचते करतो.