बॉलशिवाय परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्याकडं रांगत्या पोरालाही पाठ असतं. त्यामुळं शाळेच्या फुटबॉल संघाला बचाव शिकवायचं काम गळ्यात पडलं, तेव्हा मी जर्मनीपासूनच सुरुवात केली. २०१४चा वर्ल्ड कप, सेमीफायनल, ब्राझीलला ७-१ असं धुतलं. त्यातले चार गोल तर सहा मिनिटांत! पोरं खूश. पहिल्याच मॅचला कळलं, आमची परभणी म्हणजे त्या रात्रीचं ब्राझील.

बॉल जिकडं, अख्खी टीम तिकडं. मैदान शंभर मीटर लांब आणि आमचे दहाच्या दहा एका सतरंजीवर मावतील एवढ्या जागेत. उरलेल्या मैदानात समोरचा विंगर, म्हणजे कडेनं धावणारा गडी, एकटाच, मोजे वर ओढत.

“एकानं बॉलवाल्याला दाबायचं, दुसऱ्यानं मागं कव्हर, बाकीच्यांनी आत सरकायचं!” मी बाहेरून बोंबलायचो.

“सर, बॉल तिकडं हाय, मग मी हितं कामून वाळायलो?” उजव्या बॅकचा सवाल. बिनतोड. रिकाम्या जागेवर पहारा देणारा माणूस आपल्याकडं रिकामटेकडाच ठरतो.

मग इटलीचे आरिगो साक्की काढले. एसी मिलान क्लबचा हा कोच बॉलशिवाय सराव घ्यायचा. गुलिट, व्हॅन बास्टनसारख्या त्याच्याच स्टार खेळाडूंना पटेना, तेव्हा त्यानं दहा जणांना हल्ला करायला लावला आणि समोर फक्त गोलकीपर नि चार बॅक उभे केले, पण शिस्तीत बांधलेले. गोल झाला नाही. पुढं १९८९ आणि १९९०, लागोपाठ युरोपियन कप!

आमच्या स्टॉपरनं, म्हणजे मधल्या बॅकनं, शांतपणे विचारलं, “तिथं ऊन किती असतंय, सर?”

तरी घेतलाच तसा सराव. एप्रिलात, काळ्या मातीच्या भेगा चुकवत, पोरं बॉलशिवाय डावीकडं सरकतायत, उजवीकडं सरकतायत. रस्त्यावरचे लोक थांबायला लागले. “बॉल हरवला का हो सर?” एक आजोबा तर काठी घेऊन नाल्यात शोधूनही आले.

खरी चीड वेगळीच. हीच पोरं कबड्डीत रेडर आला की हाताला हात धरून साखळी करतात. कॉर्नर हलला की कव्हर न सांगता हलतो. शेवटी मी बैलाचं दावं आणलं आणि चौघा बॅकना कमरेला बांधलं. एक पडला की चौघं पडायचे, पण पडायचे एकजुटीनं. हीसुद्धा प्रगतीच.

जोर चढला, ऑफसाइड ट्रॅप शिकवला: पास सुटायच्या क्षणी बॅकनी एकदम पुढं सरकायचं, म्हणजे समोरचा हल्लेखोर त्यांच्या मागं, ऑफसाइडमध्ये अडकतो. हल्लेखोर आणि गोलरेषा यांच्यामध्ये बचावाचे किती जण हवेत, हा नियम १९२५ साली तिघांवरून दोघांवर आला. तेव्हापासून गोलकीपर धरून आणखी एकच जण मागं रेंगाळला तरी मुसळ केरात. म्हणून सगळ्यांनी एकदम पुढं!

मॅचमध्ये इशारा दिला. चौघं एका रेषेत पुढं, हात वर. मला गहिवरून आलं. त्याच रेषेत, हात वर करून, पाचवा आमचा गोलकीपर. त्यांचा विंगर ऑफसाइड न होता रेषा ओलांडून सुटला, मोकळ्या गोलात बॉल सरकवून परतही आला.

स्टॉपर घाम पुसत म्हणाला, “बघा सर, आज कुणीच साखळी सोडली न्हाई.”