बिल पक्कं, किट कपाटात

आज सकाळी एका शाळेच्या ग्रुपवर फोटो आला. फीत कापली जातेय, मागे नवी कोरी रोबोटिक्स प्रयोगशाळा, टेबलावर थ्रीडी प्रिंटर. फोटो जरा मोठा करून बघा. प्रिंटरच्या सरकत्या भागाला वाहतुकीसाठी लावलेल्या क्लिपा तशाच आहेत. फिलामेंटचं, म्हणजे छपाईच्या प्लास्टिक तारेचं, रीळ अजून हवाबंद पिशवीत. म्हणजे उद्घाटनाआधी कुणी साधा एक इंचाचा ठोकळासुद्धा छापून पाहिलेला नाही. खाली अंगठ्यांची रांग आणि 'अभिमानास्पद'.

अभिमान कशाचा? खरेदीचा?

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या नववीच्या चार मुलींचं काम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या यंत्रमागावर उभा धागा तुटला की विणकराच्या लक्षात येईपर्यंत टॉवेलात रेघ पडते आणि तो माल सेकंडमध्ये, म्हणजे सदोष मालात, जातो. धागा तुटताच माग थांबवायची सोय नव्या मागांवर असतेच. आपल्याकडच्या जुन्या मागांवर बहुतेक ठिकाणी नसते. ती स्वस्तात बसवायची, एवढाच त्यांचा खटाटोप.

आधी आयआर (अदृश्य अवरक्त प्रकाशावर चालणारा) सेन्सर लावला. साठ-सत्तर रुपयांचा. एका पाळीत त्याच्यावर सुताची लव बसली आणि धागा कुठला, लव कुठली हे त्याला कळेना. मग त्या जुन्या, खात्रीच्या पद्धतीकडे वळल्या: प्रत्येक धाग्यावर पातळ पोलादी पट्टी अडकवायची. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर राहते. तुटला की ती खालच्या दुहेरी दांडीवर पडते आणि ५ व्होल्टचं सर्किट पुरं होतं. टॉवेलाच्या मागाला हजारावर धागे, म्हणून प्रयोगापुरते शंभर घेतले. माग हादरतो तशा पट्ट्या उड्या मारतात, क्षणभर टेकतात आणि माग उगाच थांबतो. त्यावर उपाय प्रोग्रॅममध्ये: सलग २०० मिलिसेकंद स्पर्श राहिला तरच थांबवायचं. नुसती खोचायची जंपर वायर मागावर टिकत नाही, हादऱ्याने निसटते. तिथे सोल्डर केलेला बोर्ड आणि स्क्रू टर्मिनलच पाहिजे. आणि रिले, म्हणजे सर्किटने चालणारा स्विच, थेट मोटरच्या वाटेत घालायचा नाही. मोटर थ्री फेजची असते, तो पाच व्होल्टचा छोटा रिले चिकटून बसेल. रिले मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये घालायचा, तोही इलेक्ट्रिशियनच्या हातून.

प्रोग्रॅम चालवणारा छोटा आर्डुइनो नॅनो बोर्ड, रिले, अ‍ॅडॉप्टर, डबी, वायर सगळं धरून हजार-बाराशेचा मामला. पट्ट्या भंगारातून, किलोवर.

आता अनुदानाची गंमत ऐका. एका देणगीदार संस्थेने त्यांना १५ हजार मंजूर केले. अटी तीन: आधी खर्च करा, परतावा नंतर मिळेल. जीएसटीचं पक्कं बिल पाहिजे. खर्च 'टिकाऊ साहित्यावर'च हवा. भंगारवाल्याची पावती कच्ची, म्हणून बाद. ज्या जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, माग उघडून दाखवला त्याची मजुरी बाद. सोल्डर वायर टिकाऊ नाही, बाद. जळालेल्या बोर्डाच्या जागी घेतलेला दुसरा बोर्ड? 'एकच वस्तू दोनदा का?' बाद. वर्ष संपायच्या आत निधी खर्ची पडावा म्हणून शाळेने शेवटी एक तयार रोबोटिक्स किट घेतलं. त्याचं बिल एकदम पक्कं. ते किट आज कपाटात आहे, कारण डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम मालमत्तेच्या वहीत, चढलंय. मोटर जळली तर ज्या सरांची सही आहे त्यांच्या गळ्यात. मग कोण कशाला कुलूप उघडेल?

सरांना नावं ठेवू नका. त्यांच्या जागी तुम्हीही चावी खिशातच ठेवली असती.

पैसा नाही असं मात्र कुणी म्हणू नका. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकायच्या शालेय प्रयोगशाळा, सुरू केल्या. एका शाळेला २० लाख: १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षांच्या चालू खर्चाला. सहावी ते बारावीची मुलं, साधारण १५०० चौरस फूट जागा. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळकरी मुलांच्या निवडलेल्या कल्पनेला १० हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. तिकडे अमेरिकेत लेमेलसन-एमआयटीच्या इन्व्हेनटीम्स उपक्रमात एकाच शोधावर वर्षभर काम करणाऱ्या शाळकरी संघांना १० हजार डॉलरपर्यंत अनुदान दिलं गेलंय. एकदम तेवढ्याची आपल्याला गरजच नाही. आपल्याला पाहिजे तो मोडण्याचा पैसा.

कारण या कामात वस्तू मोडतात, जळतात, हरवतात. छोट्या रोबोट-गाडीला लावतात त्या पिवळ्या बीओ मोटरीचे आतले दात प्लास्टिकचे असतात, चाक अडकलं आणि पोराने तरी रेटलं की गेले. दोन मोटरींची गाडी करायची तर चार घ्या. मोटरला वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर बोर्ड स्वतःच दीड-दोन व्होल्ट खातो, म्हणून सहा व्होल्टवर गाडी रांगते आणि मुलं बिचारी प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतात. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर मोटर चालवू नका. मोटर सुरू होताना ओढ घेते, व्होल्टेज कोसळतं, आर्डुइनो रिसेट होतो. प्रदर्शनात परीक्षक समोर आले की हमखास हेच होतं, आणि पोरं म्हणतात 'घरी चालत होतं सर'. दोन १८६५० (लिथियमचे, परत चार्ज होणारे) सेल घ्या, संरक्षण सर्किटसकट, आणि चार्जिंगला लावून झोपी जाऊ नका. लाइन फॉलोअर, म्हणजे काळ्या रेघेवरून जाणारा रोबोट, वर्गात चालतो आणि मांडवात भरकटतो, कारण उन्हात सेन्सरला काळं-पांढरं सारखंच दिसतं. त्याच जागी, त्याच वेळेला आकडे पुन्हा घ्यावे लागतात. पीएलए या फिलामेंटच्या प्लास्टिकात छापलेला भाग मे महिन्यात बंद गाडीत ठेवला तर वाकतो. साठ अंशांच्या आसपास तो नरम पडतो आणि सोलापूरच्या उन्हात बंद गाडीला तिथवर जायला वेळ लागत नाही.

यातलं काय 'टिकाऊ साहित्य' आहे सांगा.

बरं, हिशेब मागू नका असं माझं म्हणणं नाही. पैसे खाणारे आहेत म्हणूनच पक्क्या बिलाचा नियम आला, मान्य. आणि मोठ्या लॅब सगळ्याच बंद नसतात हेही मान्य. जिथे चावी शिक्षकाकडे आहे आणि शाळा सुटल्यावर तासभर थांबायची त्याची तयारी आहे, तिथे त्या झकास चालतात. पण त्या तासाचं मानधन कुठल्या अनुदानात बसतं?

त्या चौघींना जिल्ह्याच्या प्रदर्शनात काय ऐकावं लागलं माहितीय? 'यात रोबोट कुठे आहे?' काय बे, रोबोट म्हणजे चाकावर फिरणारा डबाच पाहिजे काय? शेजारच्या टेबलावर विकतचं किट जोडलेलं होतं, दिवे लुकलुकत होते. बक्षीस तिकडे गेलं. तुटलेला धागा पकडून सर्रकन माग थांबवणाऱ्या पोरींना प्रमाणपत्र 'सहभागाबद्दल'.

जाऊ दे. टंकता टंकता राग उतरला थोडा. त्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाचाही काही दोष नाही, त्याला जे मिळालं ते त्याने जोडलं. त्याच्या हाताखालीसुद्धा सुटे भाग दिले असते तर तोही काहीतरी मोडून शिकला असता.

आपल्यातले काही जण रोटरी-लायन्समध्ये आहेत, काही शाळा समित्यांवर, काहींचे चिंचोळी एमआयडीसीत कारखाने आहेत. यंदा एखाद्या संघाला १५ हजार देणार असाल तर असे द्या. पाच हजार सुट्या भागांना, आणि प्रत्येक भाग दोन नग, हे लेखी असू दे. अडीच हजार संपणाऱ्या वस्तूंना: सोल्डर, वायर, सेल, फिलामेंट. चार हजार एसटी आणि जेवणखाण, कारण पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोरांना सोलापुरात प्रदर्शनाला आणायचं तर मुलींबरोबर एक बाई आणि अवजड पेटी असतेच. दीड हजार जॉबर किंवा इलेक्ट्रिशियनला. पाचशे पोस्टर छापायला. उरलेले दीड हजार रोख, शिक्षकाच्या सहीच्या साध्या चिठ्ठीवर. निम्मे पैसे आधी. उरलेले निम्मे पहिला नमुना फसल्यावर: फसलेल्याचा फोटो आणि वहीत 'काय बिघडलं, का बिघडलं' हे पानभर लिहिलेलं असेल तर लगेच, नसेल तर नाही. चोर यात अडकतो, कारण खोटी चूक पानभर लिहिणं बिलापेक्षा अवघड आहे. सगळं सामान सुरुवातीपासून 'वापरात संपणारे' म्हणून नोंदवा, डेड स्टॉकला चढवूच नका.

अन् परीक्षक म्हणून बोलावलं तर निदान एक प्रश्न विचारा: हे आधी कसं बिघडलं होतं? ज्याने खरंच बनवलंय तो दहा मिनिटं थांबत नाही.

त्या चौघींचं पुढचं काम शंभरावरून सगळ्या धाग्यांवर जायचं आहे. दांडीवर लव साचून स्पर्श चुकतो, तिथे ब्रश बसवायचा की दांडी तिरकी करायची हे चालत्या मागावर पाहिल्याशिवाय ठरणार नाही. अक्कलकोट रोड किंवा पूर्व भागात कुणाच्या कारखान्यात रविवारी एक माग मोकळा असेल तर मला कळवा. पैसे नकोत. वीज तुमची, जॉबर तुमचा, तुटलेले धागे जोडून द्यायचं काम मुलींचं.