थोरला माऊ

झोपण्यापूर्वी दोन पानं वाचावीत, एवढीच माझी माफक इच्छा होती. रात्री दहाला फोन घेऊन पडले आणि 'चांगली कादंबरी मोफत' असं टाइप केलं. साडेदहाला माझ्यासमोर सहा हिरवी बटणं होती. सहाही बटणांवर 'डाउनलोड'. पाच दाबून पाहिली. कुणी फोन जलद करणार होतं, कुणी बॅटरी वाचवणार होतं. सहावं तरी कादंबरीचं असेल म्हणून दाबलं, तर नाव, ईमेल, जन्मतारीख आणि कार्डाचा नंबर. खाली बारीक अक्षरांत 'एकही पैसा कापला जाणार नाही.' मग नंबर कशाला, शोभेला?

तिथून एका कथांच्या ॲपवर गेले. नायक कोट्यधीश, तापट, जबडा सदैव आवळलेला. नायिकेशी करारावर लग्न. एकूण भाग 218. मी सात वाचले. बरं, नऊ. प्रत्येक भागाच्या शेवटी दाराची बेल वाजते आणि पुढच्या भागात कळतं, कुरियरवाला होता. एवढी पार्सलं येतात तरी कुणाची, हे गूढ दहाव्या भागात उकललं असतं, पण तो उघडायला नाणी लागत होती. दुसरी गोष्ट मात्र खरंच सुरेख निघाली. बंद पडलेली घड्याळं दुरुस्त न करता नुसती पुसून ठेवणारा म्हातारा. तिसऱ्या भागाखाली 'पुढील भाग लवकरच'. तारीख 2016.

"वाचतेयस का अजून?" नवऱ्याने कूस बदलत विचारलं.

"शोधतेय."

सरळमार्गी फुकट वाचायची सोय नाही असं नाही. 1971 मध्ये मायकेल हार्टने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप केला, त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभं राहिलं. आज तिथे 70,000 हून जास्त पुस्तकं आहेत. ना खातं, ना नाणी. मी भराभर 43 उतरवून घेतली आणि 43 वाचल्याचं समाधान मिळालं, त्यामुळे एकही उघडलं नाही. शिवाय तिथलं बहुतेक सगळं जुनं. कॉपीराइट संपायचा तर सहसा आधी लेखकाला जावं लागतं, आणि त्यानंतरही कुठे 50, कुठे 60, बऱ्याच देशांत 70 वर्षं थांबावं लागतं. माझा आवडता लेखक पंचेचाळिशीचा आहे. रोज सकाळी पळतो म्हणे. देव त्याला उदंड आयुष्य देवो, पण या हिशेबाने त्याची कादंबरी माझ्या पणतीच्या हाती फुकट पडणार. तिची चोरटी पीडीएफ एके ठिकाणी दिसली. बोट नेलंही होतं जवळ, पण तो बिचारा घाम पुसत पळताना डोळ्यांसमोर आला. नाही दाबलं.

पावणेबाराला एक जुनी मराठी कादंबरी सापडली. कुणीतरी पानं स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं वाचून घेतली होती. यंत्राला 'भ' आणि 'म' यांतला फरक मान्य नव्हता. 'थोरला माऊ संतापून घराबाहेर पडला,' हे पहिलं वाक्य. मांजराच्या तोंडून सांगितलेली कादंबरी दिसते, म्हणून मी कौतुकाने पुढे सरकले. माऊ वकील झाला. माऊने बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढलं. तिसऱ्या प्रकरणात माऊची मिशी आली तेव्हाही मला शंका आली नाही. 'धाकटा माऊ' दारू पिऊन आला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, पण तोवर डोळ्यांपुढची शेपटी काही जाईना.

पान 143 वर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा होता. नेमका मृत्युपत्रावर. इस्टेट कुणाला मिळाली ते त्या नखाखाली राहिलं. तरी वाचत गेले. गोष्टच तशी होती.

सव्वातीनला नवऱ्याने दिवा लावला. मी उशीत तोंड खुपसून रडत होते.

"काय झालं गं?"

"थोरला माऊ गेला."

तो खडबडून उठून बसला. "कुणाचं मांजर?"