आवळा, सोडा!

आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सातला झुंबा असतो. शिकवणारा मुलगा पंचविशीचा, दंडावर वाघ गोंदवलेला. तो "जंपिंग जॅक!" म्हणून ओरडला की पन्नाशीच्या आम्ही बायका एकेक करून पाण्याच्या बाटलीकडे सरकतो. पाणी कुणालाच प्यायचं नसतं. असलेलं जागच्या जागी राहावं, एवढंच मागणं. दोन बाळंतपणं झालेल्या मला उडी, शिंक आणि विनोद या तिन्ही गोष्टी बेतानेच परवडतात. त्या वाघाने तीन वर्षं पोट, मांड्या, दंड सगळ्यांचा हिशोब घेतला, पण या गळतीबद्दल चकार शब्द नाही. (सोसायटीतही तसंच. गळती वरच्याच्या बाथरूमची असली तरच मीटिंग.)

गणपतीत तो कोकणात गेला आणि बदली एक मुलगी आली, फिजिओथेरपी शिकलेली. तिने माइक लावून थेट विषयालाच हात घातला. पेल्विक फ्लोअर! पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ताणलेली स्नायूंची झोळी. मूत्राशय, गर्भाशय, सगळ्यांचा भार तिच्यावर. आर्नल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरने 1948 मध्ये यावर लेख लिहिला, म्हणून हे केगल व्यायाम. "लघवी अडवताना जे आवळता ना, तेच. पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नका. शिंक येतेय वाटलं की आधी आवळा. आणि मावशी, ढुंगण नाही, आतलं!"

मावशी म्हणजे मी.

"आवळाऽऽ... सोडाऽऽ..." अख्ख्या हॉलभर घुमत होतं. पार्टिशनपलीकडे कॅरम खेळणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला लिफ्टपाशी गाठलं. "काय हो, हा आवळा-सोडा कुठे मिळतो? पित्ताला बरा असेल."

"ऑनलाइन," मी म्हणाले आणि जिन्याने पळाले.

हा व्यायाम कुठेही करता येतो, कुणाला कळत नाही, असं ती म्हणाली होती. तिने बहुधा माझा चेहरा पाहिला नव्हता. चर्चगेट स्लोमध्ये "पुढील स्टेशन जोगेश्वरी" ऐकून मी आवळायला घेतलं. डोळे एका जागी, ओठ घट्ट. समोरच्या मुलीने दोन मिनिटं पाहिलं आणि चक्क उठली. "बसा मावशी. पोटात दुखतंय का?" पीक अवरला, खिडकीची सीट! अंधेरीपर्यंत मी कण्हत राहिले. व्यायामाचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात म्हणतात. मला तो पहिल्याच आठवड्यात आला.

दिवाळीनंतर काका प्रोस्टेटचं ऑपरेशन करून परतले. परवा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. काका सरळ उभे, नजर तिसऱ्या मजल्याच्या बटणावर, ओठ घट्ट. तो चेहरा मी ओळखला.

"डॉक्टरांनी लिहून दिलाय," काका पुटपुटले. "दिवसातून तीनदा. आणि तुम्ही मला ऑनलाइन सांगितलंत!"

हसू येतंय हे कळलं, तशी मी आधी आवळलं.