दुसरी डायरेक्टर : आई

इंदूरच्या भावी उद्योगपतींनो, नमस्कार. तुमच्यापैकीच एक जण गेल्या आठवड्यात साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर ओतून, "काका, माझ्या कंपनीला नोटीस आलीये, जरा बघून घ्या ना," असं म्हणाला आणि पोहे खायला निघून गेला. पिशवी निस्तरण्यात दोन दिवस मोडले. त्यातून कॉलेजात कंपनी कशी काढावी याचं जे ज्ञान हाती लागलं, ते पुढच्या सगळ्या बॅचना फुकट देत आहोत.

पहिली गोष्ट, गिऱ्हाइकाच्या भानगडीत पडू नका. गिऱ्हाईक प्रश्न विचारतं. भंवरकुआंच्या गल्ल्यांत क्लासला आलेली पोरं डबा खातात, त्यांना डब्याचं अ‍ॅप हवं आहे का, हे एखाद्या डबेवाल्या मावशींना विचारलंत तर दहा मिनिटांत कळेल. म्हणूनच विचारू नये. मावशी म्हणतील, पैसे महिन्याचे आगाऊ येतात, सुट्टी असली की पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतात, अ‍ॅप कशाला? मग तुम्ही सहा महिने करायचं काय?

हिशेबही करू नका. 80 रुपयांचा डबा, 15 टक्के कमिशन, म्हणजे 12 रुपये. ऑनलाइन पैसे जमा करून देणारा पेमेंट गेटवे साधारण 2 टक्के कापतो आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी, गेले 1 रुपया 89 पैसे. डबा पोचवणाऱ्याला 25 दिले की दर डब्यामागे पंधराएक रुपयांचा खड्डा. घाबरायचं नाही, 'स्केल' म्हणायचं. रोज 1000 डबे झाले की खड्डा रोज 15000 रुपयांचा होतो.

आयडिया सांगण्याआधी समोरच्याची गुप्ततेच्या करारावर सही घ्या. डब्याचं अ‍ॅप आहे, कुणाला सुचलं म्हणजे?

एपीआयच्या किल्ल्या, म्हणजे बाहेरच्या सेवा तुमच्या खात्यावर वापरायचे गुप्त पासवर्ड, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर उघड्यावर टाका. कोडच्या पुढच्या नोंदीत खोडल्या तरी जुन्या नोंदींत राहतात आणि असल्या किल्ल्या हुंगत फिरणारे बॉट तुमच्या आधी जागे होतात. किल्ली खोडायची नसते, रद्द करून नवी काढायची असते, हा धडा क्लाउडच्या बिलाकडूनच घ्यावा. फायरबेस, म्हणजे अ‍ॅपची माहिती साठवायची गुगलची सेवा, तीही टेस्ट मोडवर चालू करा. 30 दिवस कुणीही काहीही वाचावं, लिहावं. एकतिसाव्या दिवशी अ‍ॅप बंद पडलं की घाईघाईत नियमांत सगळीकडे 'ट्रू', म्हणजे सगळ्यांना परवानगी, लिहून टाका, म्हणजे हॉस्टेलातल्या मुलींचे फोन नंबर आणि खोली नंबर कायमचे चव्हाट्यावर. त्यावर काय विनोद करायचा, सुचत नाही.

लाँचची तारीख आधी जाहीर करा आणि मग शोधा की ओटीपीच्या एसएमएसला डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या व्यावसायिक एसएमएसच्या यंत्रणेवर, नोंदणी लागते, मजकुराचा टेम्पलेटही मंजूर करून घ्यावा लागतो. प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं असेल तर 12 टेस्टर सलग 14 दिवस लागतात, हेही आदल्या रात्रीच कळू द्या.

आता शेअर. छप्पन दुकानाच्या खाऊगल्लीत चौघांत पंचवीस-पंचवीस टक्के वाटा, पोह्यांवर जीरावन भुरभुरता भुरभुरता होतं. चार वर्षांत हळूहळू हक्क मिळेल, पहिलं वर्ष पुरं न करता गेला तर एकही शेअर नाही, असा करार शहाणे लोक करतात. तुम्ही मित्र आहात, कागद कसला? एक जण प्लेसमेंट घेऊन पुण्याला जाईल, दुसरा गेटच्या अभ्यासाला बसेल आणि अर्धी कंपनी त्यांच्या नावावर तशीच राहील. पैसे लावायला आलेला माणूस ती यादी बघून चहा न पिताच उठेल.

आणि कंपनी? ती पहिल्याच आठवड्यात, तीही प्रायव्हेट लिमिटेड. इन्स्टाग्रामवर 'फाउंडर अँड सीईओ' लिहायचंय ना? 2015 पासून किमान 1 लाख भांडवलाची अट नाही आणि अधिकृत भांडवल 15 लाखांपर्यंत असेल तर नोंदणीची केंद्राची फी शून्य. राज्याची स्टँप ड्युटी आणि सीएची फी बाबा भरतील. मात्र डायरेक्टर दोन लागतात. मित्रांना प्लेसमेंटच्या वेळी लफडं नको असतं, शेअर तेवढे हवे असतात. मग दुसरं नाव कुणाचं? आईचं. तिचं पॅन, तिचं आधार, तिच्या मोबाइलवर ओटीपी. "आई, आकडा सांग पटकन." ती भाजी परतता परतता सांगते. घराचं वीजबिल आणि बाबांचं ना-हरकत पत्र जोडलं की लोकमान्य नगरातली बैठकीची खोली झाली नोंदणीकृत कार्यालय. कायद्यानं बाहेर कंपनीच्या नावाची पाटी लागते. ती कुणी लावली नाही. पाटीवर अजून आजोबांचंच नाव आहे.

पुढे करायचं काहीच नाही. खरंच, काही करू नका! 30 दिवसांत पहिला ऑडिटर नेमायचा असतो, नेमू नका. शेअरचे पैसे कंपनीच्या खात्यात भरून 180 दिवसांत धंदा सुरू करत असल्याचा आयएनसी-20ए हा फॉर्म द्यायचा असतो. तो चुकला की कायद्यात कंपनीला 50000 दंड आणि प्रत्येक डायरेक्टरला रोजचे 1000, कमाल 1 लाख; तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला फार तर याच्या निम्मा. भांडवल किती होतं? 10000. तेही खात्यात कुणी भरलेलं नाही. "पण काका, काही विक्रीच झाली नाही, मग रिटर्न कसले?" हे वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. विक्री शून्य असली तरी ऑडिट लागतं. ताळेबंदाचा एओसी-4 आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-7ए, दोन्ही दर वर्षी. उशिराला प्रत्येक फॉर्ममागे रोज 100 रुपये आणि त्याला वरची मर्यादा नाही! दोन फॉर्म वर्षभर थकले की 73000. तीन वर्षांचे थकले, म्हणजे पहिले तीन वर्षं उशिरा, दुसरे दोन, तिसरे एक, तर 4 लाख 38 हजार. मुळात कंपनीनं एक डबा विकलेला नाही. 2018 ला आणि 2020 ला सरकारनं थकलेल्यांसाठी सवलतीची योजना आणली होती, पण म्हणून पुढच्या योजनेची वाट बघत बसायचं, हा काय धंदा आहे?

सलग तीन वर्षं कागद भरले नाहीत की डायरेक्टर 5 वर्षांसाठी अपात्र. पोकळ धमकी नाही ही, 2017 साली सरकारनं तीन लाखांच्या आसपास डायरेक्टर अपात्र ठरवले. कंपनी बंद करावी म्हटलं तर एसटीके-2 या अर्जाची फी 10000 आणि त्याआधी थकलेली विवरणं भरा, विलंबशुल्कासकट. आत यायला दार मोकळं, बाहेर पडायला खिडकीसुद्धा नाही.

पिशवीच्या तळाशी रबर लावलेला एक यूएसबी टोकन होता, आईच्या डिजिटल सहीचा. मुदत कधीच संपलेली. घरी त्या टोकनला 'गाण्यांचा पेनड्राइव्ह' म्हणतात.

अरे, तुला लाज कशी वाटत नाही? दहा मावशींशी आधी बोलला असतास, कागदावर एक महिना डबे लिहून चालवले असतेस, तर कंपनीची गरज आहे की नाही हे कळलं असतं, आणि फुकट कळलं असतं. पैसे द्यायला खरं कुणी तयार झालं असतं तेव्हा गेला असतास सीएकडे. नोटीस पोस्टमननं तुझ्या आईच्या हातात दिली, तिनं ती गॅसच्या पावत्यांत ठेवली, चार महिने. कारण ती आपल्यासाठी आहे असं तिला वाटलंच नाही. आज घरी जा. पोहे नंतर खा. तिला समोर बसव आणि सांग, आई, तीन वर्षं झाली, तू एका कंपनीची डायरेक्टर आहेस.